उरलेल्या निळ्याची नदी

ख्रिस्ती मंडळीच्या हॉलमध्ये यार्देन, म्हणजे जॉर्डन नदी, एवढी रुंद का, याचं कारण पवित्र शास्त्रात शोधून सापडणार नाही. ते कारण हॉलच्या गच्चीवर होतं. पाण्याची लोखंडी टाकी. फार वर्षांपूर्वी तेव्हाच्या पाळकसाहेबांनी ती टाकी निळी रंगवून घेतली, रंगाचा अंदाज चुकला आणि डबेच्या डबे उरले. वस्तू वाया घालवणं हे पाप आहे असं पाळकसाहेबांचं मत होतं, आणि पापाच्या बाबतीत त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नसे. त्यांनी पेंटरला बोलावून घेतलं. म्हणाले, "मुलांच्या नाटकाला मागे पडदा हवाय. पवित्र भूमी काढ. सगळी आली पाहिजे. आणि निळा वापरताना हात आखडू नकोस."

पेंटर तेव्हा ऐन उमेदीत होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. दाताच्या दवाखान्यावर त्याने काढलेली कवळी इतकी हुबेहूब होती, की लोक रस्ता ओलांडून पलीकडून जात. पवित्र भूमी त्याने पाहिली नव्हती हे खरं, पण कवळी तरी त्याने कुठे लावली होती? तो कामाला लागला. शाळेच्या दारांचा उरलेला तपकिरी मिळाला, त्याचं वाळवंट झालं. पांढरा तळाशी थोडासाच होता, म्हणून यरुशलेम नगरी एका कोपऱ्यात अंग चोरून बसली. हिरवा संपत आलेला, त्यामुळे जैतुनांच्या डोंगराला चार झुडपं मिळाली आणि बाकीच्या डोंगराने उघड्यानेच दिवस काढले. उरला निळा. तो संपता संपेना. नदी पसरत पसरत निम्म्याहून जास्त पडदा गिळून बसली. पैलतीर इतका लांब गेला की तिथली खजुराची झाडं नखाएवढी काढावी लागली. मधोमध कापड फाटलेलं होतं, त्याला ठिगळ लावलेलं. ते ठिगळ झाकायला पेंटरने त्यावर शिडाची एक होडी काढून दिली. शिल्लक मालाच्या जोरावर पवित्र भूमीचा भूगोल असा एकदाचा ठरून गेला.

पुढे दोन पिढ्या त्या पडद्यासमोर लहानाच्या मोठ्या झाल्या. रविवारच्या शाळेत मोठ्या बाई शिकवत. मोठ्या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. निवृत्त फक्त शाळेपुरत्या, बाकी सगळीकडे त्यांची मुख्याध्यापकी चालूच होती. हातात लांब पट्टी घेऊन त्या पडद्यापुढे उभ्या राहत आणि सांगत, "ही यार्देन. बघा, नजर पोचत नाही." एकदा एका पोरीने विचारलं, "बाई, होडीत कोण बसलंय?" बाई अडल्या नाहीत. अडणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "यरीहोचे व्यापारी," त्या म्हणाल्या. झालं. तेव्हापासून यरीहोचे व्यापारी दर रविवारी त्या ठिगळावरून ये-जा करू लागले.

पेंटर मागच्या बाकावर बसून हे ऐकायचा. सुरुवातीला त्याला हसू यायचं. मग संकोच वाटू लागला. आणि मग, माणसाचा स्वभाव कुठे जाणार, चक्क अभिमान वाटू लागला. त्यालाही कारण होतं. गावात छापील फ्लेक्स आले आणि त्याच्या हातच्या पाट्या एकेक करून खाली उतरल्या. कवळीच्या जागी कोण कुठल्या बाईचा हसरा फोटो आला. पेंटरचा पेंटरमामा झाला, आणि पेंटरमामाकडे काम उरलं ते मोटारसायकलींचे नंबर रंगवायचं, नाहीतर 'येथे गाडी लावू नये' असं लिहायचं. त्या पाटीखाली लोक गाडी लावत. त्याच्या हाताचं म्हणून ज्याच्याकडे कोणी मान वर करून बघे, असं एकच काम गावात शिल्लक होतं. नवीन माणसाशी ओळख करून देताना लोक म्हणत, "आपली यार्देन काढली ती यांनीच." जणू बाकीची सृष्टी देवाने स्वतः केली आणि नदीचं काम बाहेर दिलं.

अशात नव्या पाळकसाहेबांनी पवित्र भूमीची यात्रा जाहीर केली. हे पाळकसाहेब तरुण होते, उत्साही होते, आणि उत्साहाचं पुढे काय करायचं हे ते मोठ्या बाईंना विचारत. मंडळीत लगेच दोन तट पडले. एक जाणाऱ्यांचा, आणि दुसरा 'हल्ली बाहेरचं पाणी सोसत नाही' असं म्हणणाऱ्यांचा. पेंटरमामांची मुलगी परदेशात नर्स होती. तिने आईबापांना न विचारताच दोघांची नावं घातली आणि मग कळवलं.

मामीला, म्हणजे पेंटरमामांच्या बायकोला, हे कळलं तेव्हा तिने गॅस बंद केला आणि ओट्याला टेकली. मामीने संसारात कधी काही मागितलं नव्हतं. मागून मिळणार नाही हे तिला लग्नानंतर लगेच समजलं होतं. पण ती भूमी एकदा डोळ्यांनी पाहायची, ही तिची लहानपणापासूनची आस होती, आणि ती तिने कधी लपवली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने आयुष्यातले पहिले बूट घेतले. ते पायाला सैल व्हावेत म्हणून ती स्वयंपाक करतानाही बूट घालू लागली. भाजी फोडणीला टाकणारी आणि पायात पांढरे बूट घातलेली बायको बघून पेंटरमामांना इतका आनंद व्हायचा, की ते उगीचच पाणी मागायच्या निमित्ताने आत डोकावून जायचे.

तयारीसाठी समिती नेमली गेली. अध्यक्षपदी मोठ्या बाईंचं नाव कोणी सुचवलं नाही. त्या आधीच त्या खुर्चीत बसल्या होत्या. खजिनदारांचं औषधांचं दुकान होतं, त्यांनी प्रकृतीचं खातं घेतलं आणि दुकानात मुदत संपत आलेल्या सगळ्या गोळ्या धर्मकार्याला वाहिल्या. त्यांचे गुडघे दुखत. यरुशलेमेत शिरताना गाढव मिळेल का, असं त्यांनी सभेत विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, तो मान एकट्या प्रभू येशूला मिळालेला आहे. मृत समुद्राचं मीठ घरी आणून आमटीत घालता येईल का, हा प्रश्न दोन बैठका चालला. कोण कोणाबरोबर खोलीत झोपणार, यावर तर तोंडं फिरली. दर रविवारी शेजारधर्मावरच्या प्रवचनाला माना डोलावणाऱ्या माणसांना एकमेकांचं घोरणं मान्य होईना.

मोठ्या बाईंनी एक नियम मात्र पहिल्याच दिवशी घालून दिला. "कोणीही फोनवर तिथले फोटो बघायचे नाहीत. आधीच डोळे उष्टे करून पवित्र भूमीला जायचं नाही. ज्याला बघायचंय त्याने पडदा बघावा." सगळ्यांनी मान्य केलं. ज्यांनी गुपचूप बघितलं असेल ते गप्प बसले, कारण बघितलं असं सांगायची कोणाची छाती नव्हती. सहलवाल्याने रंगीत पुस्तिका वाटली होती, तिच्यात बहुतेक फोटो हॉटेलातल्या नाश्त्याचे होते. एका पानावर हॉटेलचा पोहण्याचा तलाव होता, निळाशार. खजिनदारांनी त्यावर बोट ठेवून शेजाऱ्याला हळूच सांगितलं, "यार्देन. बघ, तोच रंग आहे."

मग पाळकसाहेबांच्या मनात आलं, की सगळ्यांनी यार्देनेत उतरून आपल्या बाप्तिस्म्याची आठवण करावी. कल्पना सुंदर होती. मोठ्या बाईंनी वळून पडद्याकडे पाहिलं. पाठोपाठ सगळ्यांनी पाहिलं.

"पाळकसाहेब," बाई म्हणाल्या, "पाणी केवढं आहे ते बघताय ना? पोहता कोणाकोणाला येतं, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. ठराव पास झाला, की यात्रेला येणाऱ्या प्रत्येकाने नगरपालिकेच्या तलावावर जाऊन पोहायला शिकायचं.

तलावावरच्या शिकवणाऱ्याने ही पलटण पहिल्या दिवशी पाहिली आणि गळ्यातली शिट्टी तोंडात तशीच राहू दिली. "काका, पोहून जायचंय कुठे?" त्याने खजिनदारांना विचारलं. "यार्देनला," खजिनदार म्हणाले. "स्पर्धा आहे का?" खजिनदारांनी त्याच्याकडे करुणेने पाहिलं आणि टायरची ट्यूब गळ्यात घालून पाण्यात पाय सोडला. ते दृश्य बघायला लोक कुंपणापाशी थांबत. साठी उलटलेली माणसं काठाचा लोखंडी बार दोन्ही हातांनी घट्ट धरून पाय झाडताहेत, नाकातोंडात पाणी जातंय, आणि मोठ्या बाई डोक्याला रबराची टोपी घालून उथळ पाण्यात उभ्या राहून ओरडताहेत, "गुडघे वाकवू नका! तिथे वाहतं पाणी असणार आहे!"

मामी एकच दिवस गेली. काठावर बसली, पाय ओले केले आणि उठून घरी आली. संध्याकाळी म्हणाली, "मी नाही यायची यात्रेला."

"का गं? काय झालं?"

"मला पाण्याची भीती वाटते. पोरीला सांगा, माझं नाव काढ म्हणावं. आणि तुम्हीही जाऊ नका. मी एकटी घरात कशी राहणार?"

पेंटरमामांना नवल वाटलं. मागे मोठी पाइपलाइन फुटून गल्ली तुंबली होती, तेव्हा हीच बाई मुलीला खांद्यावर घेऊन कंबरभर पाण्यातून चालत घरी आली होती आणि वर आल्यावर चहाही तिनेच टाकला होता. पण वय झालं की भीती येत असेल, असं त्यांनी ठरवून टाकलं. दुसरं कारण शोधायचं तर डोकं चालवावं लागलं असतं. मामीने बूट पुसून खोक्यात घातले आणि खोकं कपाटावर टाकलं. ते बघून मात्र पेंटरमामांना टोचलं. आयुष्यभर वाट बघितलेली जागा आणि आपली बायको यांच्यामध्ये आडवं आलं होतं काय, तर त्यांनी स्वतः ओतलेला टाकीचा रंग.

मामी बाजारात गेल्याचं बघून त्यांनी मुलीला फोन लावला. ती हॉस्पिटलातल्या मैत्रिणींबरोबर तिकडे एकदा जाऊन आली होती.

"काय गं, ती नदी केवढी आहे?"

मुलीने उलट विचारलं, "आई जवळ आहे का?"

"नाही. का?"

"काही नाही. बाबा, खरं सांगू? लहान आहे. आम्ही गेलो तिथे तर आपल्या हॉलइतकीही रुंद नव्हती. पलीकडच्या काठावरच्या माणसांशी बोलता येतं. पाणी मातकट. लोक कठडा धरून पायऱ्यांनी कंबरेपर्यंत उतरतात आणि वर येतात."

"बस, एवढंच?"

"एवढंच. पण बाबा, तुमची पण छानच आहे."

तुमची पण छानच आहे. लहान मुलाने काढलेल्या हत्तीला म्हणावं तसं ती म्हणाली. पेंटरमामांनी फोन ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. त्यांना लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. रुंदी अंदाजाने काढली हे त्यांना माहीतच होतं; पण अंदाज इतका सपशेल चुकला असेल असं त्यांनी धरलं नव्हतं. तरीही मामीला न्यायचं तर आता तोंड उघडायलाच हवं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर, कारण पोहण्याचा ठराव सगळ्यांनी मिळून केला होता.

पुढच्या बैठकीत ते उभे राहिले. सभेत बोलायची त्यांना सवय नव्हती. "मला एक सांगायचंय. ही नदी चुकली आहे. गच्चीवरच्या टाकीचा रंग उरला होता, म्हणून ती एवढी झाली. खरी लहान आहे."

सभेने त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"पेंटरमामा, बसा," मोठ्या बाई प्रेमाने म्हणाल्या. "एवढा नम्रपणा बरा नव्हे."

"नम्रपणा नाही हो बाई. ती होडीसुद्धा खरी नाही. खाली ठिगळ आहे."

"हात तुमचा होता," पाळकसाहेब उठून म्हणाले, "पण तो हात कोणी धरला होता, ते तुम्हाला तरी कुठे ठाऊक?"

"टाकीचा रंग होता साहेब!"

"रंग तरी कोणी उरवला?" पाळकसाहेबांनी विचारलं, आणि मागून कोणीतरी "आमेन" म्हणालं.

मुलगी तिथे जाऊन आली आहे, असंही पेंटरमामांनी सांगून पाहिलं. मोठ्या बाईंचा चेहरा उतरला. "म्हणजे तिने डोळे उष्टे केले! आणि ती गेली तेव्हा आटली असेल. नदी आहे, आटते." खजिनदार शेजाऱ्याला म्हणाले, कलाकार असेच असतात, त्यांना आपल्याच कामात खोट दिसते. पेंटरमामा जेवढं जास्त नाही म्हणत गेले, तेवढी सभेची श्रद्धा वाढत गेली. शेवटी मोठ्या बाईंनी सूचना मांडली, की पेंटरमामांच्या सन्मानार्थ यात्रेच्या बॅनरवर हाच पडदा छापावा. फ्लेक्सवर. टाळ्या वाजल्या. ज्या फ्लेक्सने त्यांचं पोट मारलं त्याच फ्लेक्सवर आता त्यांची नदी मिरवणार होती, आणि त्यांनी उठून आभार मानावेत अशी सगळ्यांची अपेक्षा होती. त्यांनी मानले.

घरी जाताना त्यांना एक गोष्ट कळून चुकली. या लोकांना तोंडाने सांगून काही उपयोग नाही. ही माणसं फक्त रंगवलेल्यावर विश्वास ठेवतात.

म्हणून मंगळवारी सकाळी, सगळी मंडळी तलावावर पाय झाडत असताना, पेंटरमामांनी हॉलच्या राखणदाराकडून किल्ली घेतली. जुना ब्रश, हात टेकवायची काठी, टर्पेंटाइन आणि रंग. या खेपेला रंग उरलेला नव्हता. दुकानात उभं राहून त्यांनी निवडून आणला होता. मातकट, गवती, शेवाळी. स्टुलावर चढून त्यांनी पडद्याच्या डाव्या टोकाला पहिला हात मारला आणि दोन क्षण तसेच थांबले. आपल्या हाताचं एकच काम उरलंय गावात, हा विचार मनात आलाच. मग कपाटावरचं बुटाचं खोकं आठवलं आणि हात आपोआप चालू लागला.

डावा काठ आत आला. उजवा काठ आत आला. नखाएवढे खजूर मातीखाली गेले आणि तिथे हातभर उंचीचं लव्हाळं उगवलं. यरीहोच्या व्यापाऱ्यांची होडी कोरड्या जमिनीवर लागली, तेव्हा तिलाही बुजवावं लागलं. ठिगळ उघडं पडलं ते पडलंच. जेवणाची वेळ होईपर्यंत यार्देन एका माणसाने हात पसरावेत इतकी उरली, आणि तिचं पाणीही त्यांनी गढूळ करून टाकलं. तिच्यात बुडायचं म्हटलं तर मुद्दाम आडवं पडावं लागलं असतं.

मामी जेवणाचा डबा घेऊन आली ती दारातच थांबली.

"अहो, हे काय करून ठेवलंत!"

पेंटरमामा स्टुलावरून उतरले. त्यांचा चेहरा फुलला होता. "खरी काढली. पोरीला विचारून घेतली. बघ, केवढीशी आहे. यात कोणी बुडतं का? आता घाबरायचं काही कारण नाही. आता येशील ना?"

मामी पुढे आली नाही. पहिल्या बाकावर बसली, डबा मांडीवर घेतला आणि पडद्याकडे बघत राहिली. ती खूश होईल असं पेंटरमामांना वाटलं होतं. पण तिचे ओठ थरथरत होते, आणि ते रागाने थरथरत होते.

"मला माहीत होतं नदी केवढी आहे ते," ती म्हणाली. "पोरीने तेव्हाच फोटो पाठवला होता, ती जाऊन आली तेव्हा. मीच तिला म्हटलं, बाबांना दाखवू नकोस."

"मग ती भीती?"

"कसली भीती! तुम्हाला तरी पटली का?" मामीचा आवाज चढला. "तलावावर सगळ्यांना पाय झाडताना बघितलं आणि डोळ्यांपुढे आलं. तुम्ही तिथे काठावर उभे राहणार. ही सगळी मंडळी आधी नदीकडे बघणार, आणि मग एकेक करून मागे वळून तुमच्याकडे बघणार. आणि मग मोठ्या बाई काहीतरी बोलणार. ते मला बघवलं नसतं. म्हणून म्हटलं, नकोच जायला. आपण दोघांनीही नको."

"अगं, पण तुझी यात्रा..."

"माझ्या यात्रेचं मी बघून घेतलं असतं!" तिने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले. "इतक्या वर्षांत एक गोष्ट तुमच्या नकळत तुमच्यासाठी करत होते. तेवढीही धड करू दिली नाहीत."

या घरात आपण हिची काळजी घेतो, अशी पेंटरमामांची पक्की समजूत होती. ही समजूतही बहुधा तिनेच जपून ठेवली असावी. ते ब्रश हातात धरून तसेच तिच्यासमोर उभे राहिले.

इतक्यात बाहेर ओल्या चपलांचा पचपच आवाज आला. तलावावरून सगळी पलटण थेट हॉलवर आली होती. पुढे मोठ्या बाई, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. मागे पाळकसाहेब, त्यांच्या कानात पाणी गेलेलं, म्हणून मान एका बाजूला कललेली. त्यांच्या मागे खजिनदार, गळ्यात ट्यूब. बाईंची नजर पडद्याकडे गेली आणि त्या जागीच थांबल्या, म्हणून मागचे सगळे एकमेकांवर आपटले.

"यार्देन कुठे गेली?" बाई म्हणाल्या.

खजिनदार ट्यूबसकट पुढे सरकले आणि डोळे बारीक करून बघू लागले.

"अर्धी नदी बुजवली! यात्रेच्या तोंडावर! आणि व्यापारी कुठे आहेत?" बाईंनी पेंटरमामांच्या हातातल्या ब्रशकडे पाहिलं. "हा उद्योग तुम्हाला कोणी सांगितला?"

पेंटरमामांनी तोंड उघडलं. पण त्याआधीच मामी उठून उभी राहिली होती.

"मी सांगितला," मामी म्हणाली. "मला पाण्याची भीती वाटते बाई. ती नदी बघून माझी झोप उडाली होती. मीच हट्ट धरला, की नदी लहान करा, नाहीतर मी येत नाही. हे बिचारे नाहीच म्हणत होते. मीच ऐकलं नाही."

"अगं, पण नदी म्हणजे काय परकर आहे का, टाके घालून लहान करायला?"

"चुकलं माझं. माझ्यापुढे त्यांचं काही चालत नाही, तुम्हाला माहीत आहे." हे कोणालाच माहीत नव्हतं, पेंटरमामांनाही आत्ताच कळत होतं. "माझंच नाव काढून टाका यात्रेतून. एका भित्र्या बाईपायी सगळ्यांना त्रास नको."

भित्रा माणूस समोर आला की मोठ्या बाई फुलून येत. त्यांनी मामीच्या खांद्यावर ओला हात ठेवला. "नाव कशाला काढायचं? मी आहे ना बरोबर." खजिनदार मात्र त्या एवढ्याशा पाण्याकडे एकटक बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत आशा पालवली होती. "म्हणजे... उद्यापासून तलावावर यायचं नाही?" त्यांनी विचारलं. ओल्या अंगाने उभ्या असलेल्या सगळ्या मंडळीने श्वास रोखून पाळकसाहेबांकडे पाहिलं. पाळकसाहेबांनी कललेली मान आणखी थोडी कलती केली, विचार केला आणि निवाडा दिला, की दुर्बळांसाठी नदी अरुंद केली जावी यातही काही योजना असेल. मामीच्या भीतीचा मान राखून पोहण्याचं शिक्षण स्थगित झालं. परत आल्यावर नदी पूर्ववत करून द्यायची, अशी बाईंनी पेंटरमामांना ताकीद दिली. मग सगळे आपापले टॉवेल पिळत घरी गेले, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की पेंटरमामाची बायको इतकी भित्री, की तिने नवऱ्याला नदी बुजवायला लावली.

हॉल रिकामा झाला. पेंटरमामांनी टर्पेंटाइनने हात पुसले. मामीने बाकावर डबा उघडला.

"तुला नावं ठेवतील आता," ते म्हणाले.

"ठेवू देत. माझा काही पडदा नाही गावात."

दोघं जेवू लागली. थोड्या वेळाने पेंटरमामांनी घास हातातच ठेवून विचारलं, "पण तिथे? तिथे गेल्यावर खरी दिसेलच ना सगळ्यांना. वळून बघतीलच माझ्याकडे."

"बघतील."

"हसतील."

"हसतील," मामी म्हणाली. "तेव्हा तुम्ही इकडेतिकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं. मी हसणार नाही." तिने डब्याचं झाकण लावलं आणि जरा विचार केला. "पण लगेच हाक मारू नका. आधी मला नदी बघू द्या."